हॅरोच्या फ्लॅटचं लीज पुण्यात बसून वाढवलं : दोन वकील, एक सर्व्हेयर आणि २५ मार्चची तारीख

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. आमच्या लंडनच्या, म्हणजे हॅरोच्या फ्लॅटचं लीज ८० वर्षांवरून १७० वर्षांवर गेलं, ग्राउंड रेंट, म्हणजे मालकाला दरवर्षी द्यायचं जमिनीचं भाडं, बंद झालं, आणि हे सगळं सहकारनगरच्या घरात डायनिंग टेबलावर बसून झालं, एकदाही तिकडे जावं लागलं नाही. सर्व्हेयरला, म्हणजे फ्लॅटची किंमत आणि लीजचा हिशोब काढून देणाऱ्याला, पाचपैकी पाच. दुसऱ्या वकिलीणबाईंना साडेचार. पहिल्या फर्मला एक, तोही त्यांच्याकडे फोन उचलणाऱ्या बाई दरवेळी नीट बोलल्या म्हणून.

नावं कुणाचीच टाकत नाहीये. पहिल्या फर्मबद्दल मी जे लिहिणार आहे ते फक्त आमच्या फाइलपुरतं आहे, आणि ज्यांनी चांगलं काम केलं त्यांचं नाव वाचून कोणी डोळे झाकून पैसे भरावेत असंही मला वाटत नाही. पण काम कसं होतं, कुठे अडतं, पैसे कशाकशाचे जातात हे मात्र सगळं लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा पुण्यातून हे करणाऱ्या माणसानं मराठीत लिहिलेलं मला एक पानसुद्धा मिळालं नाही. आणि आपल्याकडे असे लोक कमी नाहीत, आयटीच्या नोकरीत आठ-दहा वर्षं तिकडे काढली, छोटा फ्लॅट घेतला, मग आईवडिलांसाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी परत आले आणि फ्लॅट भाड्यानं देऊन टाकला. आम्ही त्यातलेच. २०१२ ला घेतला, २०१८ ला परत आलो, भाडं एजंटमार्फत तिकडच्या अकाउंटला जमा होत राहिलं आणि लीज नावाची गोष्ट मी पार विसरून गेले होते.

आठवण कशी झाली, तर माझी मावसबहीण क्रॉयडनला असते, तिनं २०२४ च्या दिवाळीनंतर तिचा फ्लॅट विकायला काढला. लीज ७६ वर्षं उरलेलं. बघायला आलेल्या गिऱ्हाइकानं तेवढं एकच कारण धरून भाव पाडून मागितला. ती फोनवर रडकुंडीला आली होती, आणि मधेच मला म्हणाली, "तुमचं किती उरलंय गं?" मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवला आणि माळ्यावरची फाइल काढली. पहिल्याच पानावर होतं, ९९ वर्षं, २५ मार्च २००६ पासून. बोटांवर मोजलं. २५ मार्च २०२५ ला ८० वर्षं उरणार होती, म्हणजे हातात साधारण चार महिने.

८० हा आकडा का महत्त्वाचा ते आधी सांगते, कारण सगळा खेळ त्यावरच आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात, म्हणजे तुम्ही ठरावीक वर्षांसाठीचा हक्क विकत घेतलेला असतो, इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची, आणि मुदत संपली की फ्लॅट त्याच्याकडे परत जातो. माझ्या सासऱ्यांना हे समजावत होते तर ते म्हणाले, "अगं मग हे आपल्या प्राधिकरणाच्या प्लॉटसारखंच की." बरोबर आहे, निगडी प्राधिकरणातले प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानंच दिलेले आहेत आणि विकायचं म्हटलं की परवानगी आणि ट्रान्सफर फी आलीच. फरक इतकाच की इकडे जमीन देणारी सरकारी संस्था होती आणि तिकडे फ्रीहोल्डर बहुतेक वेळा खासगी कंपनी असते, जिचा धंदाच ग्राउंड रेंट आणि लीज वाढवण्याचे पैसे यावर चालतो.

तिकडे १९९३ चा एक कायदा आहे, त्यानुसार फ्लॅटवाल्याला लीज वाढवून मागायचा हक्कच आहे, फ्रीहोल्डरच्या मर्जीवर नाही. उरलेल्या मुदतीत ९० वर्षं जास्तीची मिळतात आणि ग्राउंड रेंट पेपरकॉर्न होतं, म्हणजे शब्दशः मिरीचा एक दाणा, थोडक्यात काही नाही. त्याबदल्यात फ्रीहोल्डरला प्रीमियम द्यायचा. हा प्रीमियम ८० वर्षांच्या वर साध्या हिशोबानं निघतो. ८० किंवा खाली आलात की त्यात मॅरेज व्हॅल्यू नावाची आणखी एक रक्कम मिळवतात. लीज वाढल्यामुळे फ्लॅटची किंमत जी वाढते तिच्यातला फायदा दोघांनी निम्मानिम्मा वाटून घ्यायचा असं ते आहे, म्हणजे वाढलेल्या किमतीतला अर्धा वाटा आपण फ्रीहोल्डरला द्यायचा. ही मॅरेज व्हॅल्यू काढून टाकणारा कायदा २०२४ च्या मे महिन्यात झालाय, पण आम्ही लीज वाढवून मागायची नोटीस दिली तेव्हा ते कलम लागू झालेलं नव्हतं, आणि "थांबा, नवीन कायदा येतोय, स्वस्तात होईल" असं आम्हाला तीन जणांनी सांगितलं होतं. थांबलो नाही ते बरं झालं.

आता पहिली फर्म. फ्लॅट घेताना जी फर्म होती तीच, ओळखीची म्हणून. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेल टाकला, फी बाकीच्यांपेक्षा कमी सांगितली, आम्ही हो म्हटलं. मग पासपोर्टच्या सर्टिफाइड कॉप्या मागितल्या. नवऱ्यानं अर्धा दिवस रजा काढून शिवाजीनगर कोर्टाजवळ नोटरी केली, स्कॅन पाठवले. दोन आठवड्यांनी फाइल दुसऱ्या माणसाकडे गेली, त्यानं पुन्हा पासपोर्ट मागितले. ख्रिसमसची सुट्टी. जानेवारीत तिसरा माणूस, त्यानंही पासपोर्टच मागितले. मी प्रत्येक मेलमध्ये ठळक अक्षरात २५ मार्च लिहीत होते आणि उत्तरात तो विषयच नसायचा. हिवाळ्यात तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, मी रोज साडेतीनला फोन करायचे आणि त्या रिसेप्शनवरच्या बाई दरवेळी मनापासून निरोप लिहून घ्यायच्या, पुढे तो निरोप कुठे जायचा देव जाणे.

शेवटी जानेवारीच्या अखेरीला त्यांचा नोटीसचा मसुदा आला. वाचायला सोपा, दोन-तीन पानांचा, माझा तर जीव भांड्यात पडला. त्यात फ्रीहोल्डरच्या जागी त्या कंपनीचं नाव होतं जिच्याकडून आम्हाला दरवर्षी २०० पौंड ग्राउंड रेंटचं बिल येतं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बिल पाठवतो तोच मालक, दुसरं काय.

मसुदा आला त्याच आठवड्यात मावसबहिणीनं सांगितलं म्हणून मी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसची माहिती वाचायला घेतली. ही तिकडच्या सरकारच्या पैशावर चालणारी संस्था, इंग्लंड आणि वेल्समधल्या लीजवाल्यांना फुकट सल्ला देते, कॅल्क्युलेटर पण आहे त्यांचा. यांना माझे पाचपैकी पाच आणि वर एक नमस्कार. भाषा इतकी सोपी की सासऱ्यांनीही मोबाइलवर मोठी अक्षरं करून वाचलं. तिथेच मला पहिल्यांदा कळलं की नोटीस कोणालाही देऊन चालत नाही, "कॉम्पिटंट लँडलॉर्ड"लाच द्यावी लागते, म्हणजे ज्याच्याकडे तुम्हाला आणखी ९० वर्षं देण्याइतका हक्क शिल्लक आहे तोच. आणि मधे हेड लीजवाला असू शकतो, म्हणजे फ्रीहोल्डरकडून स्वतः लीज घेऊन पुढे आपल्याला लीज देणारा.

मी पहिल्या फर्मला विचारलं, आमच्यात हेड लीज आहे का? उत्तर आलं, "नोटेड, विल रिव्हर्ट." त्या तीन शब्दांवर आठ दिवस गेले.

मग दुसरा वकील शोधला. तिकडे अलेप नावाची संघटना आहे, लीज वाढवणं आणि फ्रीहोल्ड विकत घेणं हीच कामं करणाऱ्या वकील-सर्व्हेयरांची, २००७ पासून आहे. त्यांच्या यादीतल्या चार जणांना एकच मेल टाकला, त्यात लीजची पहिली चार पानं, टायटल रजिस्टरची, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीची, प्रत आणि विषयात फक्त तारीख. टायटलची प्रत तिकडच्या लँड रजिस्ट्रीच्या साइटवर घरबसल्या मिळते, मी नोव्हेंबरात काढली तेव्हा ३ पौंड होते, ९ डिसेंबर २०२४ पासून ७ झाले, तरी आपल्या सिटी सर्व्हेच्या चकरांपुढे काहीच नाही. चारपैकी तिघांची उत्तरं आली. दोघांनी फी सांगितली. तिसऱ्या बाईंनी फी खाली लिहिली आणि वर लिहिलं की तुमच्या टायटलमध्ये हेड लीजचा उल्लेख आहे, ग्राउंड रेंट घेणारी कंपनी ती हेड लीजवालीच असावी, तिचं लीज तुमच्यानंतर काही दिवसांतच संपतं, त्यामुळे ती तुम्हाला ९० वर्षं देऊच शकत नाही, नोटीस फ्रीहोल्डरला जायला पाहिजे आणि हिला फक्त प्रत. हे त्यांनी अजून एक पेनी न घेता वाचून सांगितलं होतं.

मी तो मेल उभ्या-उभ्या दोनदा वाचला. पहिल्या फर्मचा मसुदा सही करून गेला असता तर नोटीस चुकीच्या माणसाला गेली असती, ती बाद ठरली असती, आणि आम्हाला ते कळेपर्यंत २५ मार्च उलटून गेला असता. त्याच दिवशी पहिल्या फर्मला थांबा म्हणून लिहिलं. त्यांनी झालेल्या कामाचं ४८० पौंडांचं बिल पाठवलं, आम्ही भरलं, भांडायला वेळच नव्हता.

या वकिलीणबाईंचं काम कसं ते सांगते. पहिल्या फोननंतर त्यांनी आमच्या केसच्या तारखा पाठवल्या, एका पानावर. नोटीस कधीपर्यंत जायला हवी, उत्तराला किमान दोन महिने, ते उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत एकमत झालं नाही तर ट्रिब्यूनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज, तो नाही केला तर नोटीस मागे घेतली असं धरतात आणि मग वर्षभर दुसरी देता येत नाही. ते पान मी प्रिंट करून फ्रीजवर लावलं होतं, अजून आहे. पासपोर्टसाठी एका ॲपवर चेहरा दाखवायला सांगितला, दहा मिनिटांत झालं, नोटरीची गरजच पडली नाही. नोटीसवर सही कुणी करायची हा माझा मोठा प्रश्न होता, कारण मी वाचलं होतं की मालकानं स्वतःच करावी लागते आणि मग कुरिअरचे दिवस धरावे लागणार. तर त्या म्हणाल्या की तो जुना नियम, २०१४ मध्ये कायदा बदलला, आता तुमच्या वतीनं आम्ही सही करू शकतो. पुण्यात बसलेल्या माणसासाठी ही एक ओळ केवढी मोलाची आहे.

सर्व्हेयर त्यांनीच सुचवला पण आम्ही दुसरा, त्याच भागात काम करणारा घेतला, आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य. भाडेकरूंना विचारून तो फ्लॅट बघून आला आणि १४ पानांचा रिपोर्ट दिला. यातलं एक गणित मला इथे सांगावंसं वाटतं, कारण ते समजलं तेव्हा सगळी भीती गेली. फ्लॅटची लांब लीजसकट किंमत त्यानं ३ लाख पौंड धरली. फ्रीहोल्डरला हा फ्लॅट ८० वर्षांनी मिळणार होता, आता तो १७० वर्षांनी मिळणार, म्हणजे त्याचं नुकसान किती, तर ८० वर्षांनी मिळणाऱ्या ३ लाखांची आजची किंमत. दर ५ टक्के, हा २००६ च्या स्पोर्टेली नावाच्या निकालापासून फ्लॅटसाठी चालत आलाय. सासरे रिटायर्ड इंजिनिअर, त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि १.०५ ला १.०५ नं गुणत बसले, कागदावर दर दहा वर्षांनी आकडा लिहीत, १.६३, २.६५, ४.३२, असं करत ८० ला ४९.५६ आले. ३ लाख भागिले ४९.५६, सहा हजार पन्नासच्या आसपास. "म्हणजे मुख्य रक्कम एवढीच?" म्हणाले. एवढीच. त्यात मिळवायचे बंद होणाऱ्या ग्राउंड रेंटचे, वर्षाला २०० प्रमाणे ८० वर्षांचे, आजच्या किमतीत तीन हजारांच्या आसपास. बेरीज नऊ हजारांच्या घरात. आणि ८० च्या खाली गेलो असतो तर? त्याच्या अंदाजानं आणखी साडेचार ते पाच हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावानं पाच लाखांच्या आसपास रुपये, केवळ तारीख चुकली म्हणून.

नोटीसमध्ये आपण आपला प्रीमियम लिहायचा असतो. नवरा म्हणाला चार हजार लिहू, खालून सुरुवात करू, मंडईत करतो तसं. वकिलीणबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं, रक्कम वास्तवाला धरून नसेल तर कोर्टात नोटीसच बाद होऊ शकते. ७,६०० लिहिले. २० फेब्रुवारी २०२५ ला माणूस पाठवून फ्रीहोल्डरच्या रजिस्टर्ड ऑफिसात हातोहात दिली, वर स्पेशल डिलिव्हरीनं दुसरी प्रत, हेड लीजवाल्यांना तिसरी. संध्याकाळी सातला मेल आला, "सर्व्ह्ड", सोबत दिल्याचं सर्टिफिकेट. नोटीस दिली त्या तारखेला किंमत गोठते, पुढे वर्ष लागलं तरी हिशोब त्याच दिवसाचा. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

आठ-दहा दिवसांत फ्रीहोल्डरच्या बाजूनं आम्हाला थेट पत्र आलं, वकिलांना नाही, आम्हाला. कायद्याचा रस्ता लांब आणि खर्चिक आहे, आपसात करू, १२५ वर्षांचं लीज करून देतो, ७,५०० पौंड, उत्तर २८ दिवसांत. वरवर पाहिलं तर स्वस्तच. नवऱ्याचा कल तिकडे होता हे मी लिहितेच. पण नीट वाचलं तर त्यात ८० ची फक्त १२५ होणार होती, म्हणजे ४५ च वर्षं वाढीव, आणि उरलेली मूळ ८० वर्षं ग्राउंड रेंट २०० पौंड तसंच चालू. कायद्यानं १७० वर्षं आणि ग्राउंड रेंट काहीच नाही. शिवाय आपसातल्या बोलण्यात नोटीस मागे घ्या म्हणाले आणि नंतर फिसकटलं तर आपण कुठे? तेव्हा मार्च संपलेला असणार. ज्यांना असं पत्र येईल त्यांनी प्रीमियमच्या आकड्याआधी वर्षं आणि ग्राउंड रेंट बघा.

३० एप्रिलला फ्रीहोल्डरची काउंटर नोटीस, म्हणजे आमच्या नोटीसचं उत्तर, आली. हक्क मान्य, प्रीमियम ११,९०० मागितला. ७६० पौंड डिपॉझिटही मागितलं, म्हणजे आपण लिहिलेल्या रकमेच्या १० टक्के, तो त्यांचा अधिकार आहे. त्यांच्या सर्व्हेयरनं फ्लॅटची किंमत ३ लाख ४० हजार धरली होती. आमच्या सर्व्हेयरनं त्याच इमारतीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या विक्रीच्या किमती काढल्या, एका फ्लॅटला बाल्कनी आहे आणि आमच्याला नाही, दुसऱ्याचं किचन नवीन, असं एकेक करून त्यांना खाली आणलं. मधे दोन महिने काहीच हाललं नाही, ऑगस्टमध्ये तिकडे सगळे सुट्टीवर. ३० ऑक्टोबर ही ट्रिब्यूनलची शेवटची तारीख फ्रीजवर दिसत होती, माझी धाकधूक वाढली, पण सप्टेंबरच्या सुरुवातीलाच वकिलीणबाईंनी अर्जाचा मसुदा तयार करून समोरच्यांना दाखवला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत ९,४०० वर तडजोड झाली. अर्ज करावाच लागला नाही.

पैसे पाठवणं हा वेगळा अध्याय. तिकडच्या भाड्याच्या अकाउंटमध्ये निम्म्याच्या आसपास होते, बाकीचे साधारण ८,००० पौंड इथून नवऱ्याच्या खात्यातून पाठवले. बँकेतल्या साहेबांना आधी कळेना, फ्लॅट विकत घेताय का, नाही, आहे त्याचं लीज वाढवतोय, मग पैसे कशाचे? फेमाच्या, म्हणजे आपल्या परकीय चलनाच्या कायद्याच्या, कलम ६(४) नुसार परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता इकडे परतल्यावरही ठेवता येते, ते पान आणि लीजचा मसुदा घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म स्वीकारला. वर्षभरात १० लाखांपर्यंत पाठवलं तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागत नाही, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ७ ची १० झाली, आमची रक्कम साडेनऊ लाखांच्या आत बसली. तुम्ही त्याच वर्षात मुलाची फी वगैरे पाठवली असेल तर ती पण त्यातच धरतात हे लक्षात ठेवा.

मग सह्या. नवीन लीज हे डीड, म्हणजे औपचारिक दस्त, असतं, त्यावर सही साक्षीदारासमोर, म्हणजे साक्षीदार त्याच खोलीत हवा, व्हिडिओ कॉल चालत नाही. अपोस्टिलची, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याची, मात्र गरज लागली नाही, मी उगीच मुंबईच्या चकरेची तयारी ठेवली होती. घरचा माणूस साक्षीदार नको म्हणाले म्हणून शेजारचे काका आले, बँकेतून रिटायर झालेले, स्वतःचं पेन घेऊन. रविवारी सकाळी टेबल पुसून, पोह्यांच्या बश्या बाजूला करून कागद मांडले. नवऱ्यानं सही केली, मी केली, काकांनी खाली नाव, पत्ता आणि व्यवसाय सावकाश एकसारख्या अक्षरात लिहिलं, आणि तारखेच्या जागेवर पेन नेलं. मी अक्षरशः त्यांचा हात धरला. तारीख रिकामी ठेवायची असते, व्यवहार पूर्ण होईल त्या दिवशी वकील घालतात. काका म्हणाले, "तारखेशिवाय सही मी आयुष्यात पहिल्यांदा करतोय." त्यांना ते पटेपर्यंत मी वकिलीणबाईंचा मेल वाचून दाखवला. कुरिअर चार दिवसांत पोचलं. १४ नोव्हेंबर २०२५ ला पूर्ण झालं, लँड रजिस्ट्रीत नोंद व्हायला त्यापुढे वेळ लागला पण तो भाग वकीलच बघतात. आमचं कर्ज फिटलेलं होतं, तुमचं चालू असेल तर तिकडच्या बँकेलाही मधे घ्यावं लागतं.

खर्च सगळा सांगते, कारण हाच कोणी नीट सांगत नाही. प्रीमियम ९,४००. आमच्या वकिलीणबाई १,३५० अधिक २० टक्के व्हॅट, म्हणजे १,६२०. सर्व्हेयरचे रिपोर्ट आणि वाटाघाटी धरून व्हॅटसकट १,४४०. फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेयरचा खर्चपण आपणच भरायचा असतो, आमच्या वेळच्या कायद्यानं, तो २,३४०. रजिस्ट्री वगैरे १०० च्या आसपास आणि पहिल्या फर्मचे ४८०. एकूण १५,३८० पौंड, आपले सतरा-अठरा लाख.

वकिलीणबाईंचा अर्धा स्टार त्या २,३४० मुळे गेला. समोरच्यांचा "वाजवी" खर्च द्यावा लागेल असं त्यांनी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, पण किती ते शेवटच्या महिन्यात कळलं, अंदाजे आकडा आधी दिला असता तर मी तसे पैसे बाजूला ठेवले असते. तरी न्यायानं हेही सांगते की मूळ बिल आणखी मोठं होतं. त्यात समोरच्या सर्व्हेयरनं वाटाघाटीत घालवलेले तास लावले होते, ते आपल्याकडून घेता येत नाहीत, किंमत काढण्याचे घेता येतात, भांडण्याचे नाही. वकिलीणबाईंनी ओळ-ओळ तपासून ते कापायला लावलं.

फी बघून वकील निवडणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की पहिल्या मेलला लीज जोडा आणि त्यांनी ते वाचलंय का ते उत्तरात बघा. आमच्या दोन्ही वकिलांच्या फीमध्ये चारशे पौंडांचाच फरक होता.

मावसबहिणीचंही सांगते. तिनं आमच्याच सर्व्हेयरला गाठलं. तिचं ८० च्या खाली गेलेलं असल्यामुळे मॅरेज व्हॅल्यू लागणारच होती, पण तिनं विकायच्या आधी स्वतः नोटीस दिली आणि विक्रीबरोबर ती नोटीस गिऱ्हाइकाच्या नावावर केली, तसं करता येतं. पूर्वी नवीन मालकाला दोन वर्षं थांबावं लागायचं, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे, पण नोटीस आधीच गेलेली असली की किंमत त्या तारखेची धरतात, म्हणून गिऱ्हाइकही तयार झालं.

कोणाला नोटीसचा मसुदा किंवा ते तारखांचं पान कसं असतं ते बघायचं असेल तर सांगा, नाव-पत्ता झाकून दाखवीन. फाइल अजून माळ्यावर टाकलेली नाही.